एका रात्रीची सहा वर्षं : भावाच्या शिक्षेविरुद्ध केलेल्या अपिलाची हकिगत

माझ्या धाकट्या भावाने पॅरोलवर बाहेर असताना घरफोडी केली, आणि कोर्टात ती कबूलही केली. आमचं अपील तो निर्दोष आहे असं सांगणारं नव्हतं. एका रात्रीच्या एका घरफोडीला सहा वर्षं, आणि तीही आधीची शिक्षा संपल्यानंतर सुरू होणारी, हे माप जास्त होतं एवढंच आमचं म्हणणं होतं. जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा लागली, सप्टेंबर २०२३ मध्ये अपिलाचा निकाल आला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तो घरी आला. या काळात जेलच्या गेटबाहेर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात मला इतक्या बायका भेटल्या, आणि सगळ्यांचे प्रश्न इतके सारखे होते, की हे लिहून ठेवावंसं वाटलं. गावाचं, तालुक्याच्या कोर्टाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरी चोरी झाली ते आमच्याच भागातले आहेत. त्यांना पुन्हा त्रास नको.

आधीचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये भावाला पहिल्यांदा अटक झाली. भरदिवसा बंद घराचं कुलूप तोडलं होतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४५४ आणि ३८०, तीन वर्षं सक्तमजुरी. काही दिवस जिल्ह्याच्या जेलमध्ये ठेवून मग नाशिकरोडला पाठवलं. २०२० मध्ये कोरोना आला. जेलमधली गर्दी कमी करायची म्हणून राज्य सरकारने ८ मे २०२० ला नियम बदलले आणि सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या कैद्यांना ४५ दिवसांच्या तातडीच्या पॅरोलवर सोडायला सुरुवात केली. पुढे ती मुदत ३०-३० दिवसांनी वाढत गेली. भाऊ जूनमध्ये घरी आला.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती बऱ्याच घरांना माहीत नसते. आपल्याकडे कैद्याला दोन प्रकारची रजा मिळते. एक संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. भाऊ आठ-नऊ महिने घरी होता, त्यातला एकही दिवस त्याच्या शिक्षेतून कमी झाला नाही. गावात लोक म्हणायचे, घरी बसून शिक्षा भोगतो. तसं नव्हतं.

त्या काळात काम कुणाकडेच नव्हतं, आणि जेलमधून आलेल्याला तर कोण देणार? कापूस वेचायला बायकांना बोलवत होते, त्याला कुणी बोलवलं नाही. हे मी त्याची बाजू म्हणून सांगत नाही. काम नसलेली पोरं गावात शंभर होती, आणि त्यांनी कुणाचं घर फोडलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेजारच्या गावातलं एक जोडपं नात्यातल्या लग्नाला सुरतला गेलं होतं. रात्री त्यांचं घर फुटलं. आजींची सोन्याची पोत आणि कपाटातले २२ हजार रुपये गेले. मार्चमध्ये पोलीस आमच्या दारात आले. पोत मिळाली, पैसे मिळाले नाहीत. पॅरोल रद्द झाला आणि भाऊ पुन्हा आत गेला. आधीची शिक्षा परत सुरू झाली आणि तिच्यासोबत नवा खटलाही.

खटला तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला. कलमं ४५७ आणि ३८०, म्हणजे रात्रीची घरफोडी आणि राहत्या घरातली चोरी. भावाने गुन्हा कबूल केला. १८ जानेवारी २०२२ ला त्याला व्हिडिओ कॉन्फरन्सवर उभं करून निकाल सांगितला. आम्हाला तारीख माहीत नव्हती. दोन दिवसांनी जेलमधून त्याचा फोन आला. फोनला मोजकी मिनिटं मिळतात. त्याने एवढंच सांगितलं, "आक्का, सहा वर्षं लागली." मग पुढे दोघंही गप्प.

माय चुलीपाशी बसली होती. तिने विचारलं, "मना पोऱ्या घर कव्हय ई?" म्हणजे माझा पोरगा घरी कधी येईल? मी म्हटलं, कागद बघून सांगते. त्या दिवसापासून मी सगळं कागद बघूनच सांगायला लागले, आणि तुम्हालाही तेच सुचवीन. जेलमधला माणूस घाबरलेला असतो, त्याला अर्धंच ऐकू येतं. गावातले लोक ऐकीव सांगतात. निकालाची नक्कल हातात येईपर्यंत कुणाचंच खरं मानू नका.

नक्कल आणायला जायचं तर तेव्हा एस.टी.चा संप चालू होता. नोव्हेंबरपासून गाड्या उभ्या होत्या. काळीपिवळीत दाटीवाटीने बसून, एरवीच्या दुप्पट पैसे देऊन तालुक्याला गेले. नक्कल विभागात सांगितलं, आरोपीची प्रत आरोपीला दिलेली आहे. ते बरोबरच होतं. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट द्यावी लागते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात हे ठणकावून सांगितलं आहे. कैद्याला प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तोही मिळाला पाहिजे. पण भावाची प्रत नाशिकरोडला त्याच्या ट्रंकेत होती आणि मला इथे हवी होती. म्हणून वेगळा नक्कल अर्ज भरला, स्टॅम्प लावला. सगळे मिळून दीडशेच्या आत खर्च आला. प्रत मिळायला तीन आठवडे लागले. तातडीच्या प्रतीसाठी जादा पैसे भरता येतात, ते मला नंतर कळलं. अर्ज कोणत्या दिवशी दिला आणि प्रत कोणत्या दिवशी तयार झाली, हे नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्क्यात लिहिलेलं असतं. तो शिक्का नीट उमटलाय का ते तिथेच उभं राहून बघा. नकलेसाठी गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळतात, आणि त्याचा पुरावा तो शिक्काच असतो.

निकाल मराठीत होता, आठ पानांचा. सगळा वाचला, पण जीव अडकला तो शेवटच्या पानावरच्या आदेशात. कलम ४५७ खाली तीन वर्षं सक्तमजुरी आणि दोन हजार दंड, दंड न भरल्यास दोन महिने साधी कैद. कलम ३८० खाली पुन्हा तेच. आणि खाली एक ओळ, दोन्ही शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायच्या. त्याच्या वरच्या परिच्छेदात कारण दिलं होतं की आरोपी पॅरोलवर असताना त्याने पुन्हा तोच गुन्हा केला, त्यामुळे तो दयेला पात्र नाही. अटकेपासूनचे दहा महिने शिक्षेतून वजा करायचे की नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. आधीच्या तीन वर्षांच्या शिक्षेबरोबर ही शिक्षा चालणार की नंतर, याबद्दलही काही नव्हतं.

वकिलाच्या शोधात आधी जिल्ह्याच्या गावी एकांकडे गेले. त्यांनी चाळीस हजार सांगितले, पंधरा आधी. आमच्याकडे एक एकर कोरडवाहू आणि दोन शेळ्या. मी शिवणकाम करते. चाळीस हजार आणायचे तर शेत गहाण टाकावं लागलं असतं, आणि मायने अंगठा उठवायची तयारीही दाखवली होती. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने मला सांगितलं की आधी विधी सेवावाल्यांना विचार. त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. फुकट वकिलासाठी उत्पन्नाची अट असते हे ऐकून मी तहसीलमधून दाखला काढायला निघाले होते. तिथल्या बाईंनी थांबवलं. कैदेत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमात तसं लिहिलंय. बायका आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही ती अट नाही. भावाच्या नावाने साधा अर्ज, निकालाची प्रत आणि माझं आधारकार्ड, एवढ्यावर काम झालं. हेल्पलाइन १५१०० आहे, मोफत लागते. आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय झालंय, पगारी वकील बसतात, तिथेही अपिलाचं काम होतं. आम्हाला तेव्हा पॅनेलवरच्या एक वकील मॅडम मिळाल्या. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं मला अनेकांनी ऐकवलं. आमच्या मॅडमनी जितकं लक्ष दिलं तितकं पैसे घेऊनही कुणी दिलं असतं असं मला वाटत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी निकाल बाजूला ठेवला आणि मला तारखा विचारल्या. त्या दिवसाच्या बोर्डाचा, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांच्या यादीचा, कागद उलटा करून त्यांनी त्यावर पट्टीने एक आडवी रेघ ओढली. डाव्या टोकाला ऑगस्ट २०१९, अटक. मग जून २०२०, पॅरोल. मग मार्च २०२१, पुन्हा अटक. मधला पॅरोलचा तुकडा त्यांनी पेनाने आडव्या-तिडव्या रेघांनी भरून टाकला, कारण तो मोजायचाच नव्हता. पहिल्या शिक्षेतले दहा महिने आधी भोगून झाले होते, म्हणजे राहिले दोन वर्षं दोन महिने. मार्च २०२१ पासून मोजून त्यांनी मे २०२३ वर खूण केली. "इथे पहिली शिक्षा संपते. आता दुसरी इथून सुरू होणार, आणि दोन्ही कलमं एकामागून एक." रेघ कागदाच्या कडेला गेली तरी संपेना. त्यांनी कागद फिरवून खाली दुसरी रेघ ओढली आणि शेवटी लिहिलं, मे २०२९. भाऊ तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तो कागद माझ्याकडे अजून आहे. तुमच्या घरात असं काही झालं तर आधी अशी रेघ ओढा. वकिलाशी बोलताना आणि नंतर जेलच्या लोकांशी बोलताना तिचाच आधार असतो.

मग त्यांनी कायदा समजावला, तो मी माझ्या शब्दांत सांगते. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल तर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही. पण शिक्षा किती दिली आणि ती कायद्यात बसते का, एवढ्यापुरतं करता येतं. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७५ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४१६. एकाच खटल्यात दोन कलमांखाली शिक्षा झाली तर त्या एकत्र चालवायच्या की एकामागून एक, हे ठरवायचा अधिकार कोर्टाला असतो. जुन्या कलम ३१ प्रमाणे कोर्टाने काही सांगितलं नाही तर त्या एकामागून एकच चालायच्या. आणि माणूस आधीच एका गुन्ह्याची शिक्षा भोगत असेल तर नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते, कोर्टाने एकत्र चालवा असं सांगितलं नसेल तर. ते जुनं ४२७, आता ४६७. मॅडम म्हणाल्या, "आपल्याला तीन गोष्टी मागायच्या आहेत. दोन कलमांच्या शिक्षा एकत्र कराव्यात. शिक्षा कमी करावी. आणि खटल्यात आत गेलेले महिने वजा करावेत. जुन्या शिक्षेबरोबर एकत्र चालवा असंही मागू, पण ते मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पॅरोलवर गुन्हा झालाय."

मला सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. जेलमधल्या कुणीतरी भावाच्या डोक्यात भरवलं होतं की अपील केलं तर शिक्षा वाढते. त्यामुळे तो सही करायलाच तयार नव्हता. मॅडमनी समजावलं की आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात वरचं कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवून हवी असेल तर सरकारला स्वतःचं वेगळं अपील करावं लागतं, आणि मग आरोपीला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. सरकारने तसं काही केलेलं नव्हतं. हे मी भावाला ई-मुलाकातीच्या व्हिडिओवर तीनदा सांगितलं. चित्र अडकायचं, आवाज जायचा. शेवटी पोस्टकार्डावर लिहून पाठवलं.

वकीलपत्रावर आणि अपिलाच्या अर्जावर कैद्याची सही जेल अधीक्षकांमार्फत होते. कागद पोस्टाने नाशिकरोडला गेले, तिथल्या न्याय विभागातून सही-शिक्का होऊन परत आले. यात महिना गेला. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर दुसरा रस्ताही आहे. कैदी स्वतःच जेल अधिकाऱ्याकडे अपिलाचा अर्ज देऊ शकतो, तो पुढे कोर्टात पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. त्याला जेल अपील म्हणतात, आणि त्यालाही फुकट वकील मिळतो.

सत्र न्यायालयात अपिलाची मुदत निकालापासून ३० दिवस असते. आम्ही एप्रिल २०२२ मध्ये पोचलो. दाखल करणाऱ्या टेबलावर लगेच उशिराचा मुद्दा निघाला. मॅडमनी पर्समधून एक छापील कागद काढला. कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ ला आदेश दिला होता. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरायचा नाही, आणि १ मार्चपासून ९० दिवस द्यायचे. आमचं अपील त्यात आरामात बसत होतं. आज कुणाला ही सवलत नाही. तीस दिवस उलटून गेले असतील तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लावावा लागतो आणि उशिराचं खरं कारण कागदांसह द्यावं लागतं. जेलमधल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं सहसा समजून घेतात, पण त्यावर विसंबू नका.

अपील दाखल झालं आणि नंबर पडला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले. आमच्या दारात कुणी फारसं येत नव्हतं. धाकट्या बहिणीचं स्थळ त्याच वर्षी दोनदा मोडलं. याबद्दल जास्त लिहीत नाही, पण ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना ठाऊक असेल की शिक्षा एकट्याला होत नाही.

मला वाटलं होतं, दाखल झालं म्हणजे दोन-चार महिन्यांत निकाल. लागलं सव्वा वर्षाहून जास्त. आधी सरकारी वकिलांना नोटीस. मग खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवलं, ते यायला पावसाळा गेला. मग सरकारी पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं. मग कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी सुट्टी, कधी दुसऱ्या खटल्याचे साक्षीदार आलेले म्हणून आमचं पुढे ढकललेलं. सुरुवातीला मी प्रत्येक तारखेला जायचे. मॅडम म्हणायच्या, यायची गरज नाही, ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाका, पुढची तारीख दिसते. त्या खरंच सांगत होत्या. शिवणकाम बुडवून तारखेला गेल्याने काम पुढे सरकत नाही. तरीही काही तारखांना मी गेले, कारण मायला सांगायला काहीतरी लागायचं. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा जरा हलकं वाटलं.

मधल्या काळात शिक्षेला स्थगिती आणि जामीन का मागत नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या बाबतीत त्याला अर्थ नव्हता. दुसऱ्या शिक्षेला स्थगिती मिळाली असती तरी पहिली शिक्षा मे २०२३ पर्यंत चालूच होती, तो बाहेर येऊच शकत नव्हता. शिवाय पॅरोल मोडलेल्याचा जामीन अर्ज फेटाळला गेला असता तर तेच शब्द पुढे अपिलात आडवे आले असते. त्याऐवजी मॅडमनी अपील लवकर ऐकावं असा अर्ज दिला. तो मंजूर झाला, पण लवकर म्हणजे किती, हे कोर्टच ठरवतं.

दोन कामं मात्र या काळात आम्हाला करता आली. एक म्हणजे भावाने जेलकडून वर्तणुकीचा आणि कामाचा दाखला मागितला. नाशिकरोडला कैदी गणपतीच्या मूर्ती बनवतात, त्या विभागात तो लागला होता. पॅरोल मोडल्याबद्दल त्याची माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून मिळणारी सूट, जेलने कापली होती. मॅडमनी तोही कागद मागवून घेतला. त्या म्हणाल्या, पॅरोल मोडल्याची एक शिक्षा जेलने आधीच दिलीय, हे कोर्टापुढे यायला हवं. दुसरं काम पैशांचं. ज्या आजींची पोत गेली होती त्यांना ती खटल्याच्या वेळीच कोर्टातून परत मिळाली होती. २२ हजार मात्र बुडाले होते. मला त्यांच्या घरी जाऊन पाय धरायचे होते. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. आरोपीच्या घरच्यांनी फिर्यादीच्या दारात जाणं हा दबाव समजला जातो, हेतू कितीही चांगला असो. जे द्यायचं ते कोर्टामार्फत द्यायचं. मी ब्लाउज शिवून आणि भावाच्या जेलमधल्या मजुरीतून थोडे थोडे साठवले, आणि नुकसानभरपाई भरायला तयार आहोत असं अपिलात लिहून दिलं.

शेवटचा युक्तिवाद ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मॅडमनी गुन्हा लहान होता असं एकदाही म्हटलं नाही. रात्र एक, घर एक, आत जाणं आणि वस्तू उचलणं हा एकच प्रकार, मग दोन शिक्षा एकामागून एक का, याचं कारण खालच्या निकालात नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. कुणाला मारहाण नाही, हत्यार नाही, पोत परत मिळाली, कबुलीमुळे साक्षीदारांचे हेलपाटे वाचले. सरकारी वकिलांनीही जे म्हणायचं ते म्हटलं. सरकारने महामारीत विश्वासाने सोडलं आणि याने त्या विश्वासावर घर फोडलं. ते ऐकताना माझी मान खाली गेली, कारण ते खरं होतं. साहेबांनी वजावटीबद्दल विचारलं. तेव्हा मॅडमनी सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल दाखवला, तोही महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला. माणूस त्याच वेळी दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा भोगत असला तरी नव्या खटल्यात कच्च्या कैदेत, म्हणजे निकाल लागण्याआधी, गेलेला काळ वजा करता येतो, असं त्यात आहे. सरकारी वकिलांनी २००९ चा उलट निकाल दाखवला. २००१ चा तीन न्यायमूर्तींचा आहे, म्हणून तो मानावा, असं मॅडम म्हणाल्या. साहेबांनी दोन्ही लिहून घेतले.

गावात श्रावणातल्या कानबाई देवी बसल्या आणि उठल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात निकाल लागला. अपील अंशतः मंजूर. दोन्ही कलमांची शिक्षा तीनवरून दोन वर्षांवर आणली आणि दोन्ही एकत्र भोगायच्या. कच्च्या कैदेतला काळ वजा. फिर्यादीला २२ हजार भरपाई. पण जुन्या शिक्षेबरोबर एकत्र चालवायची मागणी नामंजूर. साहेबांनी कारण लिहिलं की पॅरोलवर केलेल्या गुन्ह्याची शिक्षा जुन्या शिक्षेतच विरून गेली तर पॅरोलला अर्थ उरणार नाही, आणि पुढे खरोखर सुधारायची इच्छा असलेल्या कैद्यांना रजा मिळणं अवघड होईल. मी ते दोनदा वाचलं. मला ते पटलं. खालच्या निकालात पॅरोलचं कारण सगळीकडे लावलं होतं, इथे ते जिथे लागतं तिथेच लावलं.

उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आपल्या खानदेशातल्या धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी आहे. तिथे फेरतपासणी अर्ज करायचा का, हा प्रश्न आला. भावाने स्वतःच नको म्हटलं.

निकाल लागला म्हणून जेलमध्ये आपोआप सगळं बदलतं असं समजू नका. आदेशाची प्रत कोर्टाकडून जेलला जाते, पण आमची महिनाभर पोचलीच नव्हती. मी प्रमाणित नक्कल घेऊन नाशिकला गेले आणि ती न्याय विभागात देऊन पोच घेतली. दंडाचे चार हजार आणि भरपाई कोर्टात भरून त्याच्या पावत्याही दिल्या. दंड न भरल्याची कैद वेगळी भोगावी लागते, ती इतर शिक्षांबरोबर एकत्र चालत नाही. चार हजारांसाठी चार महिने जातात. ज्यांना जमत असेल त्यांनी पावतीची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवून मूळ पावती दाखवावी. सुटकेची तारीख जेलने काय काढलीय ते कैद्याला विचारता येतं. पहिल्यांदा त्यांनी काढलेल्या तारखेत वजावट धरलेली नव्हती. मॅडमच्या रेघेचा कागद आणि आदेशाचं शेवटचं पान शेजारी ठेवून मी अर्ज लिहिला, तेव्हा दुरुस्ती झाली.

सगळा खर्च धरला तर नकला, झेरॉक्स, पोस्ट, प्रवास मिळून आठ-नऊ हजार, आणि दंड-भरपाईचे २६ हजार वेगळे. वकिलाचा एक रुपया नाही.

जुलै २०२४ मध्ये भाऊ सुटला. पहिले काही महिने आमच्या पोलीस ठाण्यातले पोलीस रात्री येऊन तो घरी आहे का बघून जायचे. त्याने वाद घातला नाही, दार उघडून समोर उभा राहायचा. तो आता धुळ्याला एका मूर्तिकाराकडे कामाला जातो. मालकाला सगळं आधीच सांगितलं होतं. भरपाईचे पैसे आजींनी कोर्टातून उचलल्याचं मॅडमकडून कळलं. कुणाला विधी सेवा प्राधिकरणाच्या अर्जाचा नमुना किंवा जेलला दिलेल्या तारीख-दुरुस्तीच्या अर्जाचा मजकूर हवा असेल तर माझ्याकडे दोन्ही आहेत, नावं खोडून पाठवीन.